उपवासकाळात, नाताळात ज्यांनी घरात घेतलं, त्यांचे आभार कसे मानावेत

नाताळच्या आधीचे आठवडे, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ किंवा पवित्र आठवडा अशा दिवसांत एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाने तुम्हाला ठेवून घेतलं असेल, तर एरवीच्या पाहुणचारापेक्षा त्यांनी बरंच जास्त दिलेलं असतं. या दिवसांत घराची चाकोरीच बदलते. जेवणाच्या वेळा पुढेमागे होतात, काही पदार्थ बंद असतात, संध्याकाळी चर्चला जायचं असतं, घरातली प्रार्थना लांबते, आणि माणसं मनाने थोडी आत वळलेली असतात. वर्षातल्या सगळ्यात खासगी दिवसांत त्यांनी तुमच्यासाठी जागा केलेली असते.

हा लेख अशा पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहत असाल, सुटीत मित्राच्या घरी गेला असाल, नुकतेच श्रद्धेकडे वळला असाल, किंवा दुसऱ्या धर्माचे अथवा कुठल्याच धर्माचे नसाल, तरी पुढच्या गोष्टी लागू पडतात. माझं म्हणणं थोडक्यात असं: या काळातले आभार त्या काळाच्या चालीने मानावेत. आपल्याला नक्की काय मिळालं ते आधी नीट पाहावं, आणि मग त्या घराला त्या दिवसांत रुचेल, पेलेल अशा रीतीने ते बोलून दाखवावं. परतफेडीची घाई करू नये.

पहिली पायरी: कोणता काळ चालू आहे ते समजून घ्या

ख्रिस्ती वर्षात पाहुण्याची गाठ बहुधा दोन हंगामांशी पडते, नाताळ आणि ईस्टर. दोन्हींची घडण सारखी आहे. आधी संयमाचे, तयारीचे दिवस आणि मग सण. तुम्ही तयारीच्या दिवसांत राहिलात की सणात, यावर भेट काय न्यावी, शुभेच्छा कधी द्याव्यात, पत्रात काय लिहावं हे सगळं ठरतं.

नाताळपूर्वीचा आगमनकाळ कॅथलिक, अँग्लिकन, ल्यूथरन अशा पाश्चात्त्य परंपरेच्या मंडळ्यांत चार रविवारांचा असतो. ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळ जो रविवार येईल त्या दिवशी तो सुरू होतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान. २५ डिसेंबरला सण सुरू होतो आणि रूढ मोजणीने बारा दिवस चालतो. ६ जानेवारीला प्रभुप्रकटीकरणाचा सण. पूर्वेकडच्या परंपरेच्या पुष्कळ ऑर्थोडॉक्स मंडळ्या आपापल्या पंचांगाच्या १५ नोव्हेंबरपासून ४० दिवस उपवास पाळतात, आणि त्यांच्यापैकी ज्या जुन्या ज्युलियन पंचांगाने चालतात त्यांचा नाताळ आपल्या दिनदर्शिकेवर ७ जानेवारीला येतो.

ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम. ही पौर्णिमा चर्चच्या ठरलेल्या गणिताने धरतात. त्यामुळे पाश्चात्त्य ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधेच कुठेतरी पडतो. त्याच्या आधी राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ. दिवस मोजले तर ४६ भरतात, पण रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. शेवटचा आठवडा पवित्र आठवडा: झावळ्यांचा रविवार, प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायचा गुरुवार, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, शांततेचा शनिवार. मग पुनरुत्थानाचा रविवार. तिथून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवस आनंदाचा काळ चालतो. हा पन्नास दिवसांचा काळ पाहुण्यांना सहसा ठाऊक नसतो, आणि आभार मानायला तो फार सोयीचा आहे. त्याकडे पुढे येतो.

पूर्वेकडच्या मंडळ्यांचा ईस्टर अनेकदा वेगळ्या दिवशी असतो. २०२५ मध्ये दोघांचाही २० एप्रिलला आला होता. २०२६ मध्ये पाश्चात्त्य ईस्टर ५ एप्रिलला, तर ज्युलियन गणनेचा १२ एप्रिलला. म्हणजे ५ तारखेला उत्साहाने ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ पाठवल्यात, तर ऑर्थोडॉक्स घरात त्या झावळ्यांच्या रविवारी पोचतील, आणि सगळ्यात कठोर आठवडा त्यांच्या पुढे उभा असेल. कुणी रागावणार नाही. पण तारीख विचारून ठेवलीत, तर तुम्ही त्यांच्या घरात डोळे उघडे ठेवून राहिलात हे त्यांना कळेल.

सगळे ख्रिस्ती लोक एकसारखे पाळत नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा. कॅथलिक नियमाप्रमाणे राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस १८ ते ५९ वर्षांच्या माणसांनी उपवास करायचा असतो, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी १४ वर्षांपुढच्यांनी मांस टाळायचं असतं. ऑर्थोडॉक्स घरात मांस, मासे, अंडी, दूध-दुभतं आणि पुष्कळ दिवशी तेलसुद्धा बंद असतं. प्रॉटेस्टंट घरांत बहुधा ठरलेला नियम नसतो. कुणी आपल्या मनाने एखादी गोष्ट सोडतं, कुणी रोज ठरावीक वाचन करतं, तर काही मंडळ्या उपवासकाळ वेगळा पाळतच नाहीत. तेव्हा पुस्तकी माहितीवर विसंबू नका. पहिल्याच दिवशी साधं विचारा: “या दिवसांत घरात काय पाळता? माझ्यामुळे काही बदलू नका, फक्त मला सांगून ठेवा.” आभारांची सुरुवात या प्रश्नापासूनच होते असं मला वाटतं.

दुसरी पायरी: राहत असतानाच लक्ष ठेवा

आपल्यासाठी कुणी काय केलं हे निघताना आठवू म्हटलं तर आठवत नाही. म्हणून रोज रात्री दोन ओळी लिहून ठेवा. कुणी जागा दिली, कुणी थांबून वाट पाहिली, कुणी अर्थ समजावून सांगितला. फोनवर टिपलंत तरी चालेल. पुढे पत्र लिहायला बसाल तेव्हा हेच भांडवल कामी येतं.

काही गोष्टी मुद्दाम शोधाव्या लागतात, कारण यजमान त्या लपवतात. उपवासाची शिकवणच तशी आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की उपवास कराल तेव्हा तोंडं सुकवून लोकांना दाखवत फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. त्यामुळे घरातली बाई सकाळपासून उपाशी आहे हे तुमच्या ध्यानातही यायचं नाही, आणि ती तुम्हाला गरम जेवण वाढत असेल.

याच्या उलटही घडतं. त्यांनी ठरवलेला उपवास तुमच्यासाठी मोडलेला असू शकतो. याला फार जुना आधार आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिचा ५३ वा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ख्रिस्त समजून घ्यावं, असं तो सांगतो. पाहुणा आला तर मठाच्या प्रमुखाने त्याच्यासोबत जेवायला बसून आपला उपवास सोडावा. मात्र तो दिवस मोडू नये अशा मुख्य उपवासाचा असेल तर सोडू नये. आणि बाकीच्या बंधूंनी आपला उपवास चालूच ठेवावा. किती विचार आहे यात. पाहुणा एकटा जेवू नये आणि घराचं व्रतही सांभाळलं जावं, दोन्ही एकाच वेळी साधलं आहे. तुमच्या यजमानांच्या घरात असंच काही घडलं का, ते पाहा. एक जण तुमच्यासोबत बसला आणि बाकीचे नुसतं पाणी घेऊन गप्पा मारत राहिले, तर तो योगायोग नसतो.

प्रार्थनेच्या वेळी काय करायचं, हा नवख्यांना पडणारा मोठा प्रश्न. जेवणाआधी थांबा, ते हात जोडतील तेव्हा शांत बसा. शब्द येत नसतील तर म्हणू नका, कुणाची अपेक्षा नसते. चर्चमध्ये सोबत गेलात तर उठणं-बसणं शेजारच्याचं पाहून करा. गुडघे टेकायचे की नाहीत हे तुमचं तुम्ही ठरवा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या वेळी मात्र अंदाजाने रांगेत उभं राहू नका. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ते सर्वसाधारणपणे आपापल्या मंडळीच्या सभासदांसाठीच असतं. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कुणालाही घेता येतं. घरून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन रांगेत कुणाला अवघडल्यासारखं व्हायचं नाही. उत्तम शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे नेहमीची मुख्य उपासना, होत नाही आणि वेदी उघडी, रिकामी असते. ते पाहून गोंधळू नका, आणि त्या दुपारी घरातल्यांना सणाच्या शुभेच्छाही देऊ नका.

तिसरी पायरी: त्यांना त्यांचा वेळ परत द्या

माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच.

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था आणि मरिया या बहिणींची गोष्ट आहे. येशू घरी आलेला. मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकते आहे, आणि मार्था पाहुणचाराच्या कामात बुडालेली. ती तक्रार करते की बहिणीने मला एकटीला कामाला ठेवलं. प्रवचनांत बहुधा मरियेची निवड उचलून धरतात. पाहुण्याने मात्र ही गोष्ट मार्थेच्या बाजूने वाचावी. घरात माणूस वाढला की कुणीतरी मार्था होतं. ज्या आठवड्यासाठी त्या बाईने वर्षभर वाट पाहिली, त्याच आठवड्यात तुमच्या चहापाण्यापायी तिचं बसून ऐकणं राहून जातं.

म्हणून पवित्र आठवड्यात किंवा नाताळच्या आदल्या दिवशी नेमकेपणाने बोला. “काही मदत करू का?” या प्रश्नाला जगभर एकच उत्तर मिळतं, “नको, बसा.” त्याऐवजी सांगा: “गुरुवारच्या उपासनेला तुम्ही दोघं निवांत जा, मी धाकट्याला सांभाळतो.” किंवा: “शनिवारी रात्री तुम्ही लवकर निघा, भांडी मी घासून ठेवते.” ईस्टरच्या आदल्या रात्रीचं जागरण कॅथलिक चर्चमध्ये अंधार पडल्यावर सुरू होतं. मेणबत्त्यांच्या उजेडात जुन्या करारातली सात वाचनं ठेवलेली असतात, त्यामुळे ते लांबतं. लहान मूल किंवा अंथरुणावरचं वडीलधारं माणूस घरात असेल तर कुणाला तरी मागे राहावं लागतं. तो मागे राहणारा माणूस तुम्ही झालात, तर त्या कुटुंबाला एकत्र जाता येतं. दुकानातून आणलेली कुठलीही वस्तू याची बरोबरी करणार नाही.

अर्थात त्यांना तुम्ही सोबत यायला हवे असाल, तर जा. हट्टाने मागे राहणं हाही त्रासच.

चौथी पायरी: काय हवं ते विचारा, मग पाहा

बायबलच्या जुन्या करारातल्या ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शूनेम गावची एक सधन बाई अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर छोटी खोली बांधते. खोलीत पलंग, मेज, बैठक आणि दिवा, एवढंच सामान. अलीशा तिथे उतरतो आणि गेहजी या सेवकाकरवी तिला विचारतो: आमच्यासाठी तू एवढा खटाटोप केलास, तुझ्यासाठी काय करू? राजाकडे किंवा सेनापतीकडे तुझा शब्द टाकू का? ती म्हणते, मी माझ्या माणसांत सुखाने राहते. म्हणजे काही नको. अलीशा तिथे थांबत नाही. तो गेहजीला विचारतो, आणि घरात काय उणं आहे हे गेहजीने पाहिलेलं असतं.

इथून दोन गोष्टी घ्या. एक, विचारताना आपल्याला जे जमण्यासारखं आहे त्याचं नाव घ्या, जसं अलीशाने घेतलं. “तुमच्या मुलीच्या अर्जाची भाषा मी तपासून देऊ?” “आजोबांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी करून देऊ?” दोन, “काही नको” हे उत्तर प्रामाणिक असतं, तरीही डोळे उघडे ठेवा. चर्चच्या नाताळ कार्यक्रमासाठी रात्री उशिरापर्यंत कुणी कागद कापत बसलं असेल, तर शेजारी बसून कात्री हातात घ्या.

पाचवी पायरी: भेटवस्तू, आणि ती कधी द्यायची

तयारीच्या काळात खाण्याच्या वस्तू नेऊ नयेत. कुणी गोड सोडलेलं असतं, कुणी मद्य, कुणी दूध-दुभतं. तुम्ही समोर ठेवलेला डबा त्यांना उघडताही येत नाही आणि परतही करता येत नाही. सणानंतर तोच डबा आनंदाने फुटतो. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर ईस्टरनंतरच्या आठवड्यात उपवास मुळी करायचाच नसतो. म्हणून खाऊ द्यायचा असेल तर तो सणाच्या दिवशी किंवा नंतर पोचेल असं पाहा.

उपवासकाळाचे परंपरेने तीन आधार मानतात: प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. त्यामुळे या काळात कुटुंब ज्या कामासाठी पैसे बाजूला काढतं आहे, त्यात आपला वाटा घालणं ही सगळ्यात जुळणारी भेट. पुष्कळ घरांत त्यासाठी एखादी पेटी किंवा पाकीट ठेवलेलं असतं. त्यात गुपचूप टाका, आकडा सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हेही मत्तयाच्या त्याच अध्यायात आहे. त्यांच्या नावाने कुठे देणगी द्यायची असेल तर मात्र आधी विचारा. नाव त्यांचं आहे.

राहण्या-जेवण्याचे म्हणून यजमानांच्या हातात पैसे ठेवणं टाळा. मुक्काम महिन्यांचा असेल तर खर्चाचं बोलणं सुरुवातीलाच करून घ्या. तो व्यवहार झाला, आणि त्याची लाज बाळगायचं कारण नाही. पण चार-आठ दिवसांच्या पाहुणचारानंतर पाकीट पुढे केलंत, तर त्यांनी प्रेमाने केलेल्या गोष्टीला तुम्ही भाव लावलात असं त्यांना वाटू शकतं.

धार्मिक वस्तू निवडताना जपून. क्रूस, मूर्ती, चित्रं यांबाबत मंडळ्यांच्या भावना फार वेगळ्या असतात. एका घरात मरियेचं चित्र देव्हाऱ्यासारखं जपतात, दुसऱ्या घरात ते भिंतीवर लावतही नाहीत. मेणबत्ती, फुलझाड, चांगली वही, मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक यात धोका नाही.

सहावी पायरी: निघताना

प्रत्येकाशी वेगळं बोला. घरातल्या मोठ्यांचे आभार मानून पाहुणे निघतात, आणि ज्या मुलाने आपली खोली सोडून बैठकीत अंथरूण घातलं त्याला कुणी काही म्हणत नाही. त्याचं नाव घेऊन सांगा. आजीजवळ जाऊन बसा. आशीर्वाद देण्यासाठी कुणी तुमच्या डोक्यावर हात ठेवला, किंवा ‘तुझ्यासाठी प्रार्थना करू का’ असं विचारलं, तर दोन क्षण थांबा. नको असेल तर सौम्यपणे नाही म्हणता येतं: “तुम्ही मनात माझी आठवण काढा, तेवढं पुरे.”

खोली आवरा, चादरी-उशांचे अभ्रे काढून कुठे ठेवायचे ते विचारा, किल्ली हातात द्या.

सातवी पायरी: पत्र

मेसेज पोचल्याची खबर देण्यापुरता. त्याच दिवशी पाठवा. आभारासाठी मात्र हाताने लिहिलेलं पत्र किंवा कार्ड, आणि तेही आठवडाभरात. या श्रद्धेत पत्राला जी जागा आहे, ती पाहता याहून योग्य दुसरं काही मला सुचत नाही: नव्या कराराच्या २७ पुस्तकांपैकी २१ पत्रं आहेत. त्यांतल्या अनेकांत घरांची, यजमानांची आठवण निघते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रेषित पौल गायसाचा उल्लेख आपला आणि सगळ्या मंडळीचा पाहुणचार करणारा म्हणून करतो, आणि रूफाच्या आईबद्दल लिहितो की ती माझीही आईच आहे. एका ओळीत केवढं मोठं आभारप्रदर्शन!

पण आभाराचं पत्र कसं असावं हे शिकायचं तर फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय, दहाव्या ओवीपासून पुढे, सावकाश वाचा. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे. तो काय करतो पाहा. तुम्ही पाठवलेलं पोचलं, असं स्पष्ट सांगतो. कुणाच्या हातून पोचलं तेही सांगतो. जुनी मदत विसरत नाही: मासेदोनियातून निघालो तेव्हा तुमच्याशिवाय कुणी हात दिला नव्हता, थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकदा नव्हे, दोनदा पाठवलंत. माझ्या संकटात तुम्ही सोबती झालात हे चांगलं केलंत, असं म्हणतो. आणि मला आणखी देणगीची अपेक्षा नाही, हेही उघड बोलतो. खुशामत कुठेच नाही, आपण कसे हतबल होतो याचं रडगाणंही नाही.

तुमच्या पत्रात याच गोष्टी याव्यात: काय मिळालं, कुणाच्या हातून, त्याने माझ्यात काय झालं, आणि मी काही मागत नाही. ‘तुमच्या प्रेमळ पाहुणचाराबद्दल शतशः धन्यवाद’ हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं, म्हणून ते वगळा. त्याऐवजी पुढच्यासारखं काही:

“प्रिय काका आणि काकू,

मी काल रात्री सुखरूप पोचले. काकू, शुक्रवारी तुमचा उपवास होता हे मला संध्याकाळी कळलं. दुपारी तुम्ही माझं ताट वाढलंत आणि मी एकटी जेवू नये म्हणून शेजारी बसून राहिलात, तेव्हा माझ्या ते ध्यानातच आलं नाही. आता सारखं आठवतं. काका, चर्चमध्ये वाचन चालू असताना तुम्ही दर वेळी पान उघडून माझ्यापुढे धरलंत, त्यामुळे मला परकं वाटलं नाही. आजींनी येशूच्या दुःखसहनाची हकिकत त्यांच्या शब्दांत सांगितली. मी तुमच्या श्रद्धेची नाही, पण त्या रात्री मी बराच वेळ जागी होते आणि माझ्या आईचा विचार करत होते. घरी आल्यावर तिच्याशी बोलले. बऱ्याच दिवसांचं बोलायचं राहिलं होतं.

धाकट्याला सांगा, त्याची खोली मला फार आवडली, आणि खिडकीतल्या रोपाला मी रोज पाणी घातलं आहे.

ईस्टरचे दिवस तुम्हाला आनंदाचे जावोत. उत्तर लिहायची घाई करू नका.”

यात कुठलाही अलंकार नाही. जे घडलं तेवढंच आहे, आणि ज्याने केलं त्याच्या नावावर आहे. शिवाय न मानणाऱ्या माणसाने लिहिलेलं असूनही ते प्रामाणिक आहे. आपण ज्यावर विश्वास ठेवत नाही ते शब्द पत्रात घालू नका. ‘देव तुमचं भलं करो’ असं मनापासून म्हणता येत असेल तर जरूर म्हणा, नाहीतर ‘तुमचं भलं होवो’ पुरेसं आहे. ‘तुमच्यासाठी प्रार्थना करीन’ हे तर करणार असाल तरच लिहा. श्रद्धावंत माणूस ते वचन म्हणून धरतो.

श्रद्धेचे असाल, तर पत्रासोबत एखादं स्तोत्र जोडायला हरकत नाही. बायबलमधलं ११६ वं स्तोत्र इथे शोभतं. परमेश्वराच्या उपकारांचा मी कसा उतराई होऊ, असा प्रश्न त्यात भक्त स्वतःला विचारतो. पण एकच, आणि तुमच्या स्वतःच्या ओळी त्याखाली झाकल्या जाऊ नयेत.

फोटो

उपवासाचं ताट, प्रार्थनेला बसलेलं कुटुंब, चर्चमधले अश्रू हे न विचारता कुठेही टाकू नका. जे त्यांनी देवासमोर एकांतात ठेवलं, ते चव्हाट्यावर येतं. फोटो छापून पत्रासोबत पाठवा, त्याचा आनंद वेगळाच असतो.

इतरांजवळ त्यांच्याविषयी चांगलं बोलणं मात्र वेगळं. योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या गायसाकडे राहून गेलेल्या बंधूंनी मंडळीपुढे त्याच्या प्रेमाची साक्ष दिली होती, आणि पत्र लिहिणारा ती साक्ष त्याला कळवतो. तुम्हीही त्यांच्या पाळकांना किंवा फादरना भेटलात, तर या घराने मला कसं सांभाळलं हे दोन वाक्यांत सांगा. ते फिरून त्यांच्या कानावर येईल, आणि थेट स्तुतीने अवघडणाऱ्या माणसांनाही असं ऐकायला बरं वाटतं.

काही अवघड प्रसंग

घरात दुःख असेल, नुकतंच कुणी गेलं असेल, आणि तरी त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं असेल, तर पत्रात ते टाळू नका. गेलेल्या माणसाचं नाव लिहा. पहिला नाताळ किंवा पहिला ईस्टर त्यांच्याशिवाय जात असताना तुम्ही तिथे होता, हे त्यांच्या लक्षात राहणार आहे.

कुणी तुम्हाला फारच आग्रहाने श्रद्धेविषयी सांगितलं असेल आणि ते रुचलं नसेल, तर दोन गोष्टी वेगळ्या करा. बोलण्याशी असहमती तुम्ही तिथेच, शांतपणे सांगू शकता: “तुम्ही मनापासून सांगता हे कळतं, पण माझा निर्णय मला करू द्या.” त्याचा सूर आभाराच्या पत्रात नको. वाढलेलं ताट आणि घातलेलं अंथरूण खरंच होतं, त्याचे आभार पूर्ण माना.

मुक्काम कुठल्या तरी कारणाने ताणाचा झाला असेल, तर पत्र लहान लिहा. एक खरी चांगली गोष्ट शोधा, तेवढीच लिहा. खोटं कौतुक करू नका.

आठवी पायरी: नंतरचे पन्नास दिवस, आणि नंतरची वर्षं

उपवासकाळात राहिला असाल, तर ईस्टरनंतर पेंटेकॉस्टपर्यंतचे ५० दिवस तुमच्या हातात आहेत. पवित्र आठवड्याची धावपळ संपलेली असते, माणसं मोकळी असतात. या दिवसांत फोन करा, खाऊ पाठवा, जमलं तर त्यांना जेवायला बोलवा. नाताळला राहिला असाल तर ६ जानेवारीच्या सुमारास. सणाच्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो, तेव्हा तुमचा फोन दोन मिनिटांत आटपतो. दहा दिवसांनी केलेला तास-तासभर चालतो.

तुमच्या घरी ते आले तर त्यांच्या पद्धती तुम्हाला ठाऊक आहेतच. जेवणाआधी तुम्ही थांबा, म्हणजे त्यांना प्रार्थना करायला संकोच वाटणार नाही. शुक्रवार असेल तर काय चालतं ते आधी विचारून घ्या.

पुढच्या वर्षी तो काळ पुन्हा येईल, तेव्हा राखेच्या बुधवारी किंवा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी एक ओळ पाठवा: “गेल्या वर्षी या दिवसांत मी तुमच्याकडे होतो.” दिनदर्शिकेत आत्ताच नोंद करून ठेवा, तारीख बदलते हे ध्यानात घेऊन.

आणि आभार मानायचे राहूनच गेले असतील, दोन-तीन वर्षं लोटली असतील, तरी लिहा. उशिराबद्दल पानभर माफी मागत बसू नका, एक वाक्य पुरे. त्यानंतर थेट आठवणीवर या: कोणतं घर, कोणता काळ, कुणी काय केलं, आणि आज ते तुम्हाला का आठवलं. पत्ता बदलला असेल तर त्यांच्या चर्चच्या कार्यालयात चौकशी करा. पत्ता ते कदाचित देणार नाहीत, पण बंद पाकीट त्यांच्यापर्यंत पोचवाल का, असं विचारून पाहायला हरकत नाही.